न दिसणाऱ्या ग्रहांचे वस्तुमान

सूर्याखेरीज अन्य ताऱ्यांभोवती फिरणाऱ्या ज्ञात ग्रहांची संख्या २०२५ मध्ये सहा हजारांवर गेली. दुर्बिणीतून स्वतंत्र प्रकाशबिंदू म्हणून टिपता आलेले ग्रह त्यांत फारच थोडे असून उरलेल्या बहुतेक ग्रहांचे अस्तित्व, त्यांचे वस्तुमान, त्यांचा परिभ्रमणकाळ आणि त्यांच्या कक्षेचा आकार या सगळ्या गोष्टी मूळ ताऱ्याच्या प्रकाशातील सूक्ष्म बदलांवरून गणिताने काढलेल्या आहेत. म्हणून या ग्रहांच्या सूचीत वस्तुमानाच्या रकान्यात छापलेला आकडा तराजूच्या काट्यासारखा वाचता येत नाही. ताऱ्याचे वस्तुमान किती मानले, कक्षा पृथ्वीच्या दृष्टिरेषेशी किती कललेली आहे आणि निरीक्षणे कोणत्या रात्री घेतली, या सर्वांची छाया त्या आकड्यावर पडलेली असते. हा आकडा कसा मिळतो आणि त्यातील किती भाग प्रत्यक्ष मोजलेला, किती भाग गृहीत धरलेला असतो, हे समजून घेतल्याशिवाय सौरबाह्य ग्रहांविषयीच्या बातम्यांचे मूल्यमापन करता येत नाही.

या साऱ्या गणिताचा पाया न्यूटनच्या गतिशास्त्रात आहे. ग्रह ताऱ्याभोवती फिरतो असे व्यवहारात म्हटले जाते, पण वास्तविक ग्रह आणि तारा दोघेही आपल्या समाईक वस्तुमानकेंद्राभोवती फिरत असतात. कावडीच्या एका टोकाला भरलेली घागर आणि दुसऱ्या टोकाला लहानसा तांब्या बांधला, तर कावड ज्या बिंदूवर तोलून राहते तो बिंदू घागरीच्या अगदी जवळ येतो. त्याचप्रमाणे वस्तुमानकेंद्रही ताऱ्याच्या अगदी जवळ, पुष्कळदा त्याच्या पोटातच असते, आणि त्यामुळे ग्रहाच्या विशाल प्रदक्षिणेच्या जोडीला ताऱ्याची एक इवलीशी प्रदक्षिणा चालू राहते. गुरू सेकंदाला सुमारे १३ किलोमीटर वेगाने फिरतो, तेव्हा सूर्य त्याच्या ओढीने सेकंदाला जेमतेम साडेबारा मीटर वेगाने हलतो, आणि पृथ्वीमुळे सूर्याला मिळणारा वेग तर सेकंदाला ९ सेंटिमीटर इतकाच असतो. ताऱ्याचा हा वेग मोजता आला आणि ग्रहाचा वेग अन्य मार्गाने काढता आला, तर दोन्ही वेगांच्या गुणोत्तरातून दोन्ही वस्तुमानांचे गुणोत्तर हाती येते.

ताऱ्याच्या हालचालीतून अदृश्य सोबती ओळखण्याची कल्पना जुनी आहे आणि तिच्या आरंभीच्या इतिहासात भारतातील एका वेधशाळेचे नाव येते. भुजंगधारी तारकासमूहातील ७० ऑफियुची या जोडताऱ्याच्या कक्षेत गणिताशी न जुळणारा फरक दिसतो आणि तो एखाद्या ग्रहसदृश पिंडामुळे असण्याची बरीच शक्यता आहे, असे मद्रास वेधशाळेचे संचालक कॅप्टन विल्यम स्टीफन जेकब यांनी १८५५ मध्ये प्रसिद्ध केले. जेकब यांनी त्यापूर्वी १८४२ मध्ये पुण्यात स्वतःची खाजगी वेधशाळा उभारून जोडताऱ्यांची यादी तयार केली होती, आणि पुण्याजवळच्या डोंगरावर नवी वेधशाळा काढण्याच्या उद्देशाने ते पुन्हा भारतात आले असता १८६२ मध्ये पुण्यातच त्यांचे निधन झाले. त्यांचा दावा टिकला नाही. त्याच ताऱ्याबाबत पुढे टॉमस सी यांनी केलेला तसाच दावा १८९९ मध्ये फॉरेस्ट मोल्टन यांनी खोडून काढला, कारण सुचवलेल्या कक्षेत असा पिंड स्थिर राहूच शकत नव्हता. तरीही जेकब यांचा तर्क ज्या पद्धतीचा होता ती पद्धत चुकीची नव्हती. त्या काळच्या मोजमापांतील त्रुटी अपेक्षित परिणामापेक्षा मोठ्या होत्या, एवढेच. १९६३ मध्ये पीटर व्हान दे काम्प यांनी बर्नार्डच्या ताऱ्याभोवती जाहीर केलेला ग्रहही असाच नाहीसा झाला, आणि त्यांना दिसलेल्या हालचालीचे मूळ ताऱ्यात नसून दुर्बिणीच्या भिंगाच्या जुळणीत केलेल्या बदलांत होते असे १९७३ च्या सुमारास दिसून आले.

यशाचा मार्ग आकाशातील स्थान मोजण्याऐवजी वेग मोजण्यातून निघाला. ताऱ्याचा प्रकाश वर्णपटमापकातून पसरवला की त्याच्या इंद्रधनुषी पट्ट्यात हजारो बारीक काळ्या रेषा दिसतात. तारा पृथ्वीकडे येत असेल तर या रेषा निळ्या बाजूला आणि दूर जात असेल तर तांबड्या बाजूला सरकतात. याला डॉपलर परिणाम म्हणतात आणि त्यातून ताऱ्याचा दृष्टिरेषेवरील वेग मिळतो. अशा मोजमापांनी ताऱ्याला अगदी चिकटून फिरणारे मोठे ग्रह सापडू शकतील, असे ऑटो स्ट्रूव्ह यांनी १९५२ मध्येच लिहून ठेवले होते, पण आपल्या सूर्यमालेत गुरू बारा वर्षांनी एक फेरी घालतो या परिचयाचा पगडा इतका होता की चार दिवसांत फेरी घालणारा गुरूएवढा ग्रह शोधण्याचा विचार फारसा कोणी केला नाही. कॅनडातील ब्रूस कॅम्बेल आणि गॉर्डन वॉकर यांच्या गटाने हायड्रोजन फ्लोराइड या अत्यंत विषारी वायूची नळी प्रकाशमार्गात ठेवून वर्षानुवर्षे चिकाटीने निरीक्षणे केली, १९८८ मध्ये गॅमा सेफाय या ताऱ्याभोवती ग्रहाची चाहूल नोंदवली, आणि ती हालचाल ताऱ्याच्याच अंगभूत बदलांमुळे असावी असे वाटल्याने १९९२ मध्ये तो दावा मागे घेतला. २००३ मध्ये इतर संशोधकांनी तो ग्रह खरा असल्याचे दाखवले. आपल्याच निष्कर्षावर इतका कठोर संशय घेणाऱ्या या गटाला या शाखेच्या इतिहासात मिळते त्यापेक्षा मोठे स्थान मिळायला हवे.

१९९५ च्या ऑक्टोबरमध्ये जिनिव्हा विद्यापीठाचे मिशेल मेयर आणि त्यांचे विद्यार्थी दिदिए केलो यांनी ५१ पेगासी या ताऱ्याभोवतीचा ग्रह जाहीर केला. दक्षिण फ्रान्समधील ओत-प्रोव्हान्स वेधशाळेत १.९३ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला जोडलेल्या एलोदी या वर्णपटमापकाने ही निरीक्षणे झाली होती आणि या शोधासाठी दोघांना २०१९ च्या भौतिकशास्त्राच्या नोबेल पारितोषिकाचा अर्धा वाटा मिळाला. सुमारे ५० प्रकाशवर्षांवरचा हा तारा पूर्वाभाद्रपदेच्या दोन ताऱ्यांना जोडणाऱ्या रेषेच्या जवळ, साधारण मध्यावर, अंधाऱ्या आकाशात नुसत्या डोळ्यांनी कसाबसा दिसतो, आणि दिवाळीच्या दिवसांत रात्री नऊच्या सुमारास महाराष्ट्रातून तो जवळजवळ डोक्यावर असतो. या ताऱ्याचा वेग ४.२३ दिवसांच्या ठरावीक तालाने सेकंदाला सुमारे ५६ मीटरने कमी-अधिक होतो. एवढ्या वेगामुळे वर्णरेषेचे सरकणे तिच्या स्वतःच्या रुंदीच्या शंभराव्या हिश्शाहूनही कमी भरते, आणि ते एका रेषेवरून कधीच कळले नसते. हजारो रेषा एकाच वेळी एका साच्याशी ताडून पाहिल्यामुळेच ते मोजता आले.

या दोन आकड्यांवरून ग्रहाचे वस्तुमान कसे निघते ते पायरीपायरीने पाहण्यासारखे आहे, कारण त्यात फारसे अवघड गणित नाही आणि गृहीतक नेमके कुठे शिरते तेही त्यातच दिसते. केप्लरच्या तिसऱ्या नियमाप्रमाणे कक्षेच्या सरासरी त्रिज्येचा घन हा परिभ्रमणकाळाचा वर्ग आणि ताऱ्याचे वस्तुमान यांच्या गुणाकाराच्या प्रमाणात असतो. तारा सूर्याच्या १.१ पट वस्तुमानाचा मानला आणि परिभ्रमणकाळ ४.२३ दिवस घेतला, तर कक्षेची त्रिज्या पृथ्वी आणि सूर्य यांच्यातील अंतराच्या ०.०५३ पट, म्हणजे सुमारे ७९ लाख किलोमीटर येते. या वर्तुळाचा परीघ ४.२३ दिवसांत कापणाऱ्या ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १३६ किलोमीटर असला पाहिजे. ताऱ्याचा वेग ५६ मीटर आहे, म्हणजे ग्रहाच्या वेगाचा सुमारे २,४३० वा हिस्सा. म्हणून ग्रहाचे वस्तुमानही ताऱ्याच्या २,४३० व्या हिश्शाइतके ठरते, आणि सूर्य गुरूच्या सुमारे १,०४७ पट जड असल्याने हे उत्तर गुरूच्या वस्तुमानाच्या ०.४७ पट, किंवा पृथ्वीच्या सुमारे दीडशेपट होते. या हिशेबात दुर्बिणीतून मोजलेल्या गोष्टी दोनच आहेत, परिभ्रमणकाळ आणि ताऱ्याचा वेग. ताऱ्याचे वस्तुमान १.१ हे बाहेरून घेतले आहे. ते ताऱ्याचे तापमान, तेज आणि रासायनिक घडण पाहून तारकीय उत्क्रांतीच्या प्रतिमानांवरून ठरवतात, आणि त्यात दहा टक्क्यांची चूक असेल तर ग्रहाच्या वस्तुमानात सुमारे साडेसहा टक्क्यांची चूक आपोआप उतरते.

याहून मोठी अडचण कोनाची आहे. डॉपलर परिणामातून वेगाचा फक्त दृष्टिरेषेवरचा भाग कळतो. कक्षेची पातळी पृथ्वीच्या बाजूने अगदी कडेवर दिसत असेल तर पूर्ण वेग मोजला जातो, पण ती ताटासारखी समोरून दिसत असेल तर तारा कितीही जोराने फिरला तरी तो ना जवळ येतो ना दूर जातो आणि वर्णरेषा जागच्या जागी राहतात. म्हणून वर काढलेले ०.४७ हे खरे वस्तुमान नसून खरे वस्तुमान आणि कक्षेच्या कलाच्या कोनाची साइन यांचा गुणाकार आहे, आणि खगोलशास्त्रज्ञ त्याला किमान वस्तुमान म्हणतात. कक्षा अवकाशात कशाही रोखाने असू शकतात असे मानले तर निम्म्या वेळा खरे वस्तुमान किमान मूल्याच्या सव्वापटीच्याही आतच असते, ते दुपटीहून अधिक असण्याची शक्यता सुमारे तेरा टक्के असते, आणि दहापटीहून अधिक असण्याची शक्यता दोनशेत एक एवढीच उरते. ही टक्केवारी दिलासा देणारी आहे, पण ती समूहाविषयी बोलते. एका विशिष्ट ग्रहाविषयी ती काहीच खात्री देत नाही. वृत्तपत्रांतील बातम्यांतून ‘किमान’ हा शब्द जेव्हा गळतो तेव्हा वाचकाला दिलेली माहिती अपुरी राहत नाही, ती चुकीची होते.

दोनशेत एक ही शक्यता प्रत्यक्षात उतरल्याचे उदाहरण या शाखेच्या अगदी आरंभीच सापडते. डेव्हिड लेथम आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९८९ मध्ये एचडी ११४७६२ या ताऱ्याभोवती ८४ दिवसांत फिरणारा, गुरूच्या किमान अकरापट वस्तुमानाचा सोबती जाहीर केला. त्यांनी स्वतः त्याला ग्रह न म्हणता बहुधा तपकिरी बटू असावा असे म्हटले होते. तपकिरी बटू म्हणजे ग्रहाहून जड, पण हायड्रोजनचे अणुसंमीलन टिकवून धरण्याइतका जड नसलेला पिंड. तरीही ५१ पेगासीच्या शोधानंतर, पहिला सौरबाह्य ग्रह खरे तर हाच असावा, असे पुष्कळदा लिहिले गेले. शंकेला जागा होती. ताऱ्याच्या स्वतःच्या परिवलनामुळे वर्णरेषा जेवढ्या रुंदावायला हव्यात तेवढ्या त्या रुंदावलेल्या दिसत नाहीत, म्हणजे तारा आणि त्याबरोबर कक्षाही ध्रुवाच्या बाजूने दिसत असावी, असा युक्तिवाद १९९१ मध्येच पुढे आला होता. युरोपीय अवकाश संस्थेच्या गाया या उपग्रहाने ताऱ्यांची स्थाने विलक्षण अचूकतेने मोजली तेव्हा या ताऱ्याचे आकाशातील डोलणे अपेक्षेहून कितीतरी मोठे निघाले, कक्षा जवळजवळ समोरून दिसते हे सिद्ध झाले, आणि सोबत्याचे खरे वस्तुमान गुरूच्या शंभरपटीहून अधिक, म्हणजे एका लहान लाल बटू ताऱ्याइतके ठरले. सुमारे तीस वर्षे ज्याची गणना ग्रहाच्या उंबरठ्यावर होत होती तो पिंड तारा होता. या तीस वर्षांत लेथम यांच्या वेगमापनातील एकही आकडा चुकीचा ठरला नाही, हेही तितकेच महत्त्वाचे आहे. बदलला तो फक्त एक कोन.

परिभ्रमणकाळ हा या सगळ्यातील सर्वांत भरवशाचा आकडा मानला जातो, आणि बहुधा तो तसा असतोही, पण तोही निरीक्षणाच्या वेळापत्रकाने फसवू शकतो. जमिनीवरील वेधशाळेतून तारा रात्रीच दिसतो, म्हणून निरीक्षणे साधारण चोवीस तासांच्या अंतराने होतात, आणि एका दिवसापेक्षा कमी काळाचा खरा ताल त्या अंतरामुळे अधिक काळाच्या खोट्या तालासारखा भासू शकतो. कर्क राशीतील ५५ कॅन्क्री या ताऱ्याच्या एका ग्रहाचा परिभ्रमणकाळ २००४ मध्ये २.८ दिवस ठरवला गेला होता. रिबेका डॉसन आणि डॅनियल फॅब्रिकी यांनी २०१० मध्ये त्याच निरीक्षणांची फेरतपासणी करून तो ०.७४ दिवस, म्हणजे अठरा तासांहूनही कमी असल्याचे दाखवले. काळ बदलताच कक्षा आक्रसली, ग्रहाचा वेग वाढला आणि वस्तुमान बरेच खाली आले. नव्या वेळापत्रकाप्रमाणे २०११ मध्ये अवकाश दुर्बिणी रोखल्या गेल्या तेव्हा तो ग्रह ठरल्या वेळी ताऱ्यासमोरून जाताना दिसला.

कक्षेचा आकार, म्हणजे ती वर्तुळापासून किती लांबट झाली आहे हे सांगणारी उत्केंद्रता, वेगाच्या आलेखाच्या घडणीवरून कळते. वर्तुळाकार कक्षेत आलेख सम लाटेसारखा असतो. लांबट कक्षेत ग्रह ताऱ्याजवळ येताच वेगात तीव्र उसळी दिसते आणि एरवी आलेख संथ राहतो. एचडी ८०६०६ या ताऱ्याच्या ग्रहाची उत्केंद्रता ०.९३ आहे, म्हणजे त्याची १११ दिवसांची कक्षा धूमकेतूच्या कक्षेसारखी लांबोळकी आहे. निरीक्षणे थोडी असली की मात्र एकाचा परिभ्रमणकाळ दुसऱ्याच्या दुप्पट असलेले दोन ग्रह एकाच लांबट कक्षेतील ग्रहासारखे दिसू शकतात.

आणि तारा स्वतः स्थिर नसतो. त्याच्या पृष्ठभागावर वायू उसळत असतो, डाग उगवतात आणि परिवलनाबरोबर फिरतात, आणि या सर्वांमुळे वर्णरेषा सेकंदाला एखाद-दोन मीटरच्या मापाने सरकतात. म्हणजे पृथ्वीसारख्या ग्रहाचा ९ सेंटिमीटरचा परिणाम ताऱ्याच्या गोंगाटात सहज बुडून जातो. २०१२ मध्ये आपल्या शेजारच्या अल्फा सेंटॉरी बी या ताऱ्याभोवती ३.२४ दिवसांत फिरणारा पृथ्वीएवढा ग्रह जाहीर झाला होता आणि त्याचा ताऱ्यावरील परिणाम सेकंदाला अवघा अर्धा मीटर होता. निरीक्षणांच्या अनियमित अंतरामुळेच असा ताल निर्माण होतो, हे विनेश राजपॉल आणि सहकाऱ्यांनी २०१५ मध्ये दाखवले. चिलीतील एस्प्रेसो हे उपकरण सेकंदाला १० सेंटिमीटरच्या अचूकतेचे ध्येय ठेवून बांधले गेले, पण उपकरण कितीही सुधारले तरी आता अडथळा उपकरणाचा राहिलेला नसून ताऱ्याचा आहे.

कोनाचा प्रश्न सर्वांत समाधानकारकपणे सुटतो तो अधिक्रमणात, म्हणजे ग्रह ताऱ्याच्या बिंबावरून जाताना. तसे घडले याचाच अर्थ कक्षा कडेवरून दिसते आणि किमान वस्तुमान हेच जवळपास खरे वस्तुमान असते. शिवाय ताऱ्याचा प्रकाश जितका मंदावतो त्यावरून ग्रहाचा व्यास कळतो, आणि वस्तुमान व व्यास मिळून घनता देतात. १९९९ मध्ये एचडी २०९४५८ या ताऱ्याचा प्रकाश साडेतीन दिवसांच्या अंतराने सुमारे दीड टक्क्याने घटताना दिसला आणि त्याचा ग्रह गुरूहून हलका असूनही आकाराने गुरूपेक्षा मोठा, पाण्याच्या निम्म्याहूनही कमी घनतेचा असल्याचे कळले. मात्र असा योग दुर्मीळ असतो. सूर्यासारख्या ताऱ्याभोवती पृथ्वीएवढ्या अंतरावर फिरणाऱ्या ग्रहाचे अधिक्रमण दिसण्याची शक्यता अर्ध्या टक्क्याच्याही खालची आहे.

या दोन पद्धतींची सांगड घालण्याचे काम भारतातही चालते. अहमदाबादच्या भौतिक संशोधन प्रयोगशाळेने माउंट अबूजवळ गुरुशिखरावर १.२ मीटर व्यासाच्या दुर्बिणीला पारस हा वर्णपटमापक जोडला. अभिजित चक्रवर्ती यांच्या नेतृत्वाखालील गटाने तापमान काटेकोर राखलेल्या निर्वात कक्षात तो बसवला आहे, कारण हवेच्या दाबातील वा उष्णतेतील किंचित फरकही ग्रहाच्या परिणामाहून मोठा ठरतो. केप्लर दुर्बिणीने साडेएकोणीस दिवसांच्या अंतराने मंदावताना पाहिलेल्या एका ताऱ्याचा वेग या उपकरणाने मोजून, त्याचा ग्रह पृथ्वीच्या सुमारे सहापट व्यासाचा आणि सत्तावीसपट वस्तुमानाचा आहे, असे २०१८ मध्ये जाहीर झाले. त्याची घनता पाण्याहून कमी आहे. पुढे त्याच शिखरावरील २.५ मीटरच्या दुर्बिणीवर पारस-२ हे उपकरण आले आणि २०२४ मध्ये त्याने टीओआय ६६५१ बी या ग्रहाचे वस्तुमान पृथ्वीच्या सुमारे साठपट ठरवले, तर व्यास पाचपट निघाला. व्यासात फारसा फरक नसलेल्या या दोन ग्रहांपैकी दुसरा पहिल्याच्या सुमारे चौपट घन आहे. पहिल्याभोवती हायड्रोजन आणि हेलियमचे जाड वेष्टन असावे, दुसऱ्याचे बहुतांश वस्तुमान खडक आणि लोहात असावे, हे अनुमान केवळ अधिक्रमणातून कधीच निघाले नसते. व्यास किती हे सांगणाऱ्या दुर्बिणी आता हजारो ग्रह देतात. त्यांचे वस्तुमान सांगण्यासाठी मात्र एकेका ताऱ्यामागे महिनोन् महिने जागावे लागते, आणि म्हणून मध्यम आकाराच्या दुर्बिणीवरचे असे काम मोलाचे आहे.

जिथे तारा फार मंद असल्याने वेग मोजणे जड जाते तिथे ग्रहांची परस्परांवरील ओढ कामी येते. सुमारे ४० प्रकाशवर्षांवरील ट्रॅपिस्ट-१ या सूर्याच्या अकराव्या हिश्शाएवढ्या वस्तुमानाच्या ताऱ्याभोवती पृथ्वीच्या आकाराचे सात ग्रह दीड ते एकोणीस दिवसांच्या कक्षांत फिरतात. त्यांचे काळ लहान पूर्णांकांच्या गुणोत्तरांत गुंफलेले असल्यामुळे शेजारी ग्रह एकमेकांना पुन्हा पुन्हा त्याच ठिकाणी ओढतात आणि प्रत्येकाचे अधिक्रमण ठरल्या वेळेपेक्षा काही मिनिटे आधी वा नंतर होते. या मिनिटांच्या हिशेबातून एरिक एगोल आणि सहकाऱ्यांनी २०२१ मध्ये सातही ग्रहांची वस्तुमाने तीन ते पाच टक्क्यांच्या अचूकतेने काढली, आणि सातही ग्रह पृथ्वीसारख्या घडणीच्या ग्रहापेक्षा सुमारे आठ टक्के कमी घन असल्याचे आढळले. ताऱ्याच्या वेगातून वस्तुमान काढणे अशक्यप्राय असलेल्या जागी घड्याळाने ते काढले, आणि तेही वेगमापनाने पृथ्वीसारख्या कुठल्याही ग्रहासाठी क्वचितच साधलेल्या नेमकेपणाने.

छायाचित्रातून थेट दिसलेल्या ग्रहांचे वस्तुमान सर्वांत सोपे असावे असे वाटते. प्रत्यक्षात ते सर्वांत जास्त उसने असते. एचआर ८७९९ या ताऱ्याभोवती २००८ पासून दिसलेले ग्रह जन्मवेळच्या उष्णतेने चमकतात, आणि ते किती तेजस्वी आहेत व ताऱ्याचे वय किती आहे यावरून, ग्रह कसे थंड होत जातात याच्या सिद्धांताच्या आधारे, त्यांचे वस्तुमान अंदाजतात. वय चुकले की वस्तुमान चुकते. म्हणून बीटा पिक्टोरिस या ताऱ्याच्या ग्रहाचे वस्तुमान हिपार्कस आणि गाया या दोन उपग्रहांच्या सुमारे पाव शतकाच्या अंतराने घेतलेल्या स्थानमापनांतून २०१८ मध्ये गुरूच्या सुमारे अकरापट निघाले, तेव्हा थंड होण्याच्या त्या सिद्धांतालाच प्रथम एक स्वतंत्र कसोटी मिळाली.

ताऱ्याच्या वस्तुमानाचे ऋण पूर्णपणे फेडण्याचा मार्गही आता दिसू लागला आहे. ग्रहाच्या वातावरणातील कार्बन मोनॉक्साइड आणि पाण्याची वाफ यांच्या वर्णरेषा ताऱ्याच्या झगझगीत प्रकाशातून वेगळ्या काढता आल्या, तर ग्रहाचाही वेग थेट मोजता येतो. एचडी २०९४५८ च्या ग्रहाबाबत इग्नास स्नेलेन यांच्या गटाने २०१० मध्ये हे करून दाखवले आणि ग्रहाचा वेग सेकंदाला सुमारे १४० किलोमीटर मिळाला. अधिक्रमण न होणाऱ्या टाऊ बूटीस या ताऱ्याच्या ग्रहाबाबत २०१२ मध्ये याच मार्गाने कक्षेचा कल सुमारे ४४ अंश ठरला आणि चारपट गुरू म्हणून नोंदलेला ग्रह खरोखर जवळपास सहापट गुरू असल्याचे निष्पन्न झाले. उरलेल्या असंख्य कक्षांचे कोन ठरवण्याची जबाबदारी गायावर आहे. या उपग्रहाची निरीक्षणे जानेवारी २०२५ मध्ये थांबली असली तरी प्रत्येक ताऱ्याची वेळोवेळी घेतलेली स्थानमापने त्याच्या चौथ्या माहितीसंचात, डिसेंबर २०२६ मध्ये, प्रसिद्ध व्हायची आहेत, आणि गुरूसारख्या ग्रहांच्या रकान्यांतील ‘किमान’ हा शब्द त्यानंतर एकेक करून पुसता येईल किंवा एचडी ११४७६२ प्रमाणे ती ओळच ग्रहांच्या सूचीतून ताऱ्यांच्या सूचीत न्यावी लागेल.